बाटलीवरचा महिना: प्रयोगशाळेतून धोरणाच्या कामात आलेल्या एका संशोधिकेचं प्रकरण

हे प्रकरण नागपुरातल्या एका संशोधिकेचं आहे. तिला विचारूनच लिहिते आहे. तिचं नाव, प्रयोगशाळा, जिल्हा, गाव यांतलं काहीच सांगायचं नाही, असं आमचं ठरलं आहे. मी स्वतः प्रयोगशाळा सोडून धोरणाच्या कामात आले त्याला बरीच वर्षं झाली. ती आमच्या छोट्या संस्थेत आली तेव्हापासून तिचं टेबल माझ्या टेबलाला लागून आहे. दर दोन-तीन महिन्यांनी पीएचडी झालेलं कोणीतरी येतं आणि विचारतं, "मॅडम, मलाही या कामात यायचंय, कसं यायचं?" मी त्यांना हे प्रकरण सांगते, कारण ती इथे जे शिकली ते मला शिकायला कितीतरी जास्त वर्षं लागली होती.

बंद पडलेलं यंत्र

तिचा विषय भूजलातला फ्लोराइड. विदर्भात हा विषय शोधायला लांब जावं लागत नाही. यवतमाळ, चंद्रपूरकडच्या कितीतरी गावांत शाळकरी मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे दिसतात आणि म्हाताऱ्यांचे सांधे, पाठीचा कणा आखडलेला असतो. ज्या पाण्यात बायकार्बोनेट जास्त आणि कॅल्शियम कमी, त्या पाण्यात खडकातला फ्लोराइड सुटतो आणि विरघळलेलाच राहतो. डोळ्यांना काही दिसत नाही, चवही लागत नाही. भारतात या आजाराची, म्हणजे फ्लोरोसिसची, पहिली नोंद झाली 1937 साली, तेव्हाच्या मद्रास इलाख्यातल्या नेल्लोर जिल्ह्यातून. त्यावरचा आपल्याकडचा सर्वांत माहितीतला उपाय, तुरटी, चुना आणि ब्लीचिंग पावडर वापरून फ्लोराइड खाली बसवण्याची नळगोंडा पद्धत, नागपुरातच, राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेत म्हणजे नीरीमध्ये, तयार झाली. म्हणजे आपल्या शहराचं या प्रश्नाशी जुनं नातं आहे.

तिने पीएचडीत आणि नंतरच्या वर्षांत मिळून एक अधिशोषक बनवला. बाजरीच्या दाण्याएवढे मणी, त्यांच्यावर फ्लोराइड चिकटून बसतो. नऊ वर्षं त्यात गेली. शोधनिबंध चांगल्या नियतकालिकांत आले. शेवटच्या प्रकल्पात एका गावातल्या बोअरला मण्यांचं यंत्र बसवलं, उद्घाटन झालं, फोटो निघाले.

एप्रिल 2023 मध्ये प्रकल्प संपून वर्ष झाल्यावर ती सहज म्हणून त्या गावाला गेली. यंत्राच्या चौथऱ्यावर गोवऱ्या रचलेल्या होत्या. तोटीला चिंधी बांधली होती. मणी दोन पावसाळ्यांत भरून गेले होते, म्हणजे त्यांच्यावर आणखी फ्लोराइड बसायला जागाच उरली नव्हती. ते कॉस्टिक सोड्याने धुऊन पुन्हा वापरता येतात, पण ते काम करायला माणूस हवा, रसायन हवं, आणि धुतलेलं पाणी टाकायला जागा हवी. तिच्या शोधनिबंधात 'पुनरुज्जीवन' या मथळ्याखाली यावर दीड पान होतं. गावात त्यासाठी कोणीच नव्हतं.

तिने ग्रामसेवकांना विचारलं, पैसे नाहीत का? ते म्हणाले, पैसे आहेत. आणि ते खरंच होते. पंधराव्या वित्त आयोगाकडून ग्रामपंचायतींना मिळणाऱ्या निधीतला 60 टक्के भाग पिण्याचं पाणी आणि स्वच्छता यांच्यासाठीच बांधील होता. "पण मॅडम," ते म्हणाले, "तुमच्या गोळ्या दरसूचीत कुठे आहेत? दरसूचीत नसलेली वस्तू मी घेतली तर ऑडिटला उत्तर कोण देईल?" दरसूची म्हणजे सरकारी खरेदीसाठी मान्य वस्तूंची आणि त्यांच्या दरांची यादी.

परतीच्या एसटीत तिने वहीत एकच ओळ लिहिली: 'दरसूची कोण ठरवतं?' ती वही तिने मला दाखवली आहे. नऊ वर्षांत तिला पडलेल्या प्रश्नांपैकी हा एकच प्रश्न असा होता, ज्याचं उत्तर तिच्या प्रयोगशाळेत कोणालाही ठाऊक नव्हतं.

निर्णय आणि त्याची किंमत

या भागाबद्दल माझ्याकडे येणारी मुलं सर्वांत जास्त विचारतात, म्हणून स्पष्ट सांगते.

ती तेव्हा चौतीस वर्षांची होती. रिसर्च असोसिएटच्या सर्वांत वरच्या पायरीवर. 2023 च्या सुधारित दरांनी त्या पायरीला महिना 67,000 रुपये आणि वर घरभाडे भत्ता. नोकरी कायम नव्हती आणि होण्याची चिन्हंही नव्हती, पण घरच्यांच्या लेखी ती 'सरकारी शास्त्रज्ञ' होती. आईचं म्हणणं एकच: "काहून सोडून राहिली वं? एवढी शिकली ते कागद काळे कराले काय?" आईचं चुकत होतं असं मला वाटत नाही. मुलीच्या शिक्षणासाठी तिने स्वतःच्या बांगड्या मोडल्या होत्या. त्या शिक्षणाचं फळ तिला पांढऱ्या कोटात दिसत होतं.

धोरणाकडे जाणारी दारं शोधायला ती बसली तेव्हा पहिली अडचण वयाची निघाली. मुख्यमंत्री फेलोशिप 21 ते 26 वयाच्या मुलामुलींसाठी. खासदारांच्या सोबत काम करायची लॅम्प फेलोशिप पंचविशीच्या आतल्यांसाठी. या दोन्ही योजना चांगल्या आहेत, पण पीएचडी करून बाहेर पडणाऱ्याचं वयच तिशीला टेकलेलं असतं. केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची धोरण फेलोशिप पीएचडीवाल्यांना खुली आहे, पण ती ज्या धोरण संशोधन केंद्रांत चालते ती बंगळूरला, चंदीगडला, दिल्लीला. नागपुरात नाही. आई एकटी, तिचं डायलिसिस इथे चालू. प्रश्न तिथेच मिटला.

मला याची मनापासून खंत वाटते. नीरी, कापूस संशोधन संस्था, लिंबूवर्गीय फळांची संस्था, मृदा सर्वेक्षणाचं मुख्यालय, विद्यापीठ, व्हीएनआयटी, हे सगळं ज्या शहरात आहे आणि दर हिवाळ्यात राज्याचं विधिमंडळ ज्या शहरात येतं, त्या शहरात या दोन्हींना जोडणारी एक धड जागा असू नये? तरुण संशोधकाला अर्ज करता येईल अशी एकसुद्धा नाही.

आमच्याकडे जागा होती ती कंत्राटी, महिना 52,000, वर काही नाही. मी तिला घाई करू दिली नाही. राजीनामा देण्याआधी तीन टिपण्या लिहून दाखव, म्हटलं. कोणत्याही विषयावर, प्रत्येकी दोन पानं. येणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगते, कारण हे काम मुळात लिहिण्याचं आहे आणि ते आवडतं की नाही हे लिहिल्याशिवाय कळत नाही. तिने चार महिने संध्याकाळी शासन निर्णय वाचले. आधीच्या अधिवेशनांतली प्रश्नोत्तरं वाचली. जीआरची भाषा पहिल्यांदा वाचणाऱ्याला डोकं दुखवते, 'सदरहू', 'उपरोक्त', 'अनुषंगाने'. पण त्यातला प्रत्येक शब्द कोणावर तरी जबाबदारी टाकत असतो किंवा कोणाची तरी काढून घेत असतो. हे तिच्या लवकर लक्षात आलं.

मार्गदर्शक सरांना तिने सांगितलं तेव्हा ते दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "तू गेलीस तर ते मणी कोण पुढे नेणार?" तिच्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही, आणि ते दुःख तिला आहे. शिवाय एक गोष्ट तिला शेवटच्या आठवड्यात कळली. नऊ वर्षांच्या नोंदवह्या, कच्चे आकडे, सगळं संस्थेचं. छापून आलेलं सोडून ती सोबत काहीही नेऊ शकत नव्हती. नियम म्हणून हे बरोबरच आहे, पण जो कोणी प्रयोगशाळा सोडणार असेल त्याने हे आधी जाणून घ्यावं. ऑक्टोबर 2023 मध्ये ती आमच्याकडे आली ती एक पाण्याची बाटली आणि ती वही घेऊन.

एकोणीस पानं

पहिल्याच महिन्यात तिने फ्लोराइडवर टिपणी लिहिली. एकोणीस पानं. सात आलेख, बावन्न संदर्भ. शेवटच्या पानावर शिफारस: राज्याने तिच्या मण्यांसारख्या अधिशोषकांना दरसूचीत घ्यावं.

आमच्याकडे एक निवृत्त उपसचिव अधूनमधून येतात. हातात नेहमी शिसपेन्सिल. त्यांनी ती टिपणी शेवटून सुरू केली. शिफारस वाचली, मग वर पाहिलं आणि शांतपणे विचारलं, "बाई, यात शासनाने सोमवारी सकाळी काय करायचं? आणि कोणत्या शाखेने?"

ती म्हणाली, अधिशोषकाची क्षमता सिद्ध झाली आहे.

"कुठल्या पाण्यात?"

इथे ती थांबली. प्रयोगशाळेतलं पाणी आपण स्वतः फ्लोराइड घालून बनवलेलं असतं. गावच्या पाण्यात बायकार्बोनेट असतो आणि मण्यांवरच्या त्याच जागांसाठी तो फ्लोराइडशी भांडतो. गावात क्षमता किती राहते, ती एका बोअरवर तपासली होती. एका बोअरवरून राज्याची दरसूची बदला असं ती म्हणत होती. स्वतःच्या विद्यार्थिनीने प्रबंधात असं वाक्य लिहिलं असतं तर तिनेच त्याखाली लाल रेघ ओढली असती.

ती त्या दिवशी रडली. मी तिला धरमपेठेत चहाला घेऊन गेले. मला तिला जे सांगायचं होतं ते मी तेव्हा नीट सांगू शकले नाही, म्हणून इथे लिहिते. आपण प्रयोगशाळेतून निघतो तेव्हा आपला उपाय बगलेत मारून निघतो आणि तोच विकायला बसतो. समोरच्या टेबलावर मात्र उपाय विकणाऱ्यांची रांग आधीच लागलेली असते. कंपन्यांची माणसं असतात, ठेकेदार असतात, इतर शास्त्रज्ञही असतात. त्या टेबलावर जो आकडा पडलेला आहे तो कसा तयार झाला, त्यावर किती भार टाकता येईल, हे सांगणारं माणूस त्या रांगेत सापडत नाही. ते आपल्याला येतं. बाटली भरण्यापासून वाचन घेण्यापर्यंत आपण ते हजार वेळा हातांनी केलेलं असतं.

जाता जाता एक सांगते. या क्षेत्रात दोन कामं आहेत आणि बाहेरून ती एकच वाटतात. विज्ञान कसं वाढवायचं याचं धोरण हे एक. 1958 चा विज्ञान धोरण ठराव, 1983 चं तंत्रज्ञान धोरण, पुढे 2003 आणि 2013 ची धोरणं, ही सगळी त्या घरातली. (नीरीची मूळ संस्थाही 1958 चीच, तेव्हा तिचं नाव वेगळं होतं.) पाणी, शेती, आरोग्य यांच्या निर्णयांत विज्ञान पोहोचवणं हे दुसरं काम. येणारी बहुतेक मुलं पहिल्याबद्दल वाचून येतात. नागपुरात काम आहे ते दुसरं.

आकडा कसा बनतो

नोव्हेंबरमध्ये तिने टिपणी बाजूला ठेवली आणि त्या जिल्ह्याचे सार्वजनिक झालेले पाणी तपासणीचे तक्ते काढले. महिनाभर ती फक्त तक्त्यांचे रकाने वाचत होती. तिच्या हाताला तीन गोष्टी लागल्या. त्या सावकाश सांगते, कारण या प्रकरणाचा गाभा इथेच आहे.

पहिली, मर्यादेची. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस 10500 मध्ये, फ्लोराइडला दोन आकडे आहेत. 1.0 मिलिग्रॅम प्रतिलिटर ही स्वीकारार्ह मर्यादा. 1.5 ही दुसरी, पण तिला अट आहे: दुसरा स्रोत उपलब्ध नसेल तरच. तक्त्यात मात्र सरसकट 1.5 धरलेलं. ज्या गावाच्या वेशीवर चांगल्या पाण्याची विहीर आहे त्या गावातलं 1.4 चं बोअरही 'बाधित नाही'. रसायनशास्त्राच्या दृष्टीने आकडा बरोबर होता. दुसरी विहीर आहे की नाही, हा रकानाच तक्त्यात नव्हता, आणि त्या रकान्याशिवाय आकड्याला अर्थ लावता येत नव्हता.

दुसरी, महिन्याची. जलजीवन मिशनच्या चौकटीत स्रोताची रासायनिक तपासणी वर्षातून एकदा करायची असते. जिवाणूंची पावसाळ्याआधी आणि नंतर अशी दोनदा. रासायनिक तपासणी कोणत्या महिन्यात झाली ते तक्त्यात नव्हतं. तिने अहवालांच्या तारखांवरून अंदाज बांधला तेव्हा बरेच नमुने पावसाळा संपल्यावरचे दिसले. पावसाळ्यात विहिरीत नवं पाणी उतरतं आणि फ्लोराइड बहुतेक ठिकाणी पातळ होतो. मे महिन्यात, पाणी तळाला गेल्यावर तो चढतो. काही खोल बोअरमध्ये उलटंही होतं, हे तिने टिपणीत आवर्जून लिहिलं. पण ज्या महिन्यात लोक सर्वांत जास्त पाणी पितात त्याच महिन्याचा आकडा नसणं, हे कोणालाही समजण्यासारखं आहे.

तिसरी गोष्ट तिला कागदावर सापडली नाही. ती गावात सापडली.

जलजीवनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच महिलांना पाणी तपासणीच्या किटचं प्रशिक्षण द्यायचं असतं. एका गावात तुरटीच्या पद्धतीचं संयंत्र चालू होतं, म्हणून ती तिथल्या किट तपासणाऱ्या ताईंकडे गेली. ताईंनी ओसरीवर किट मांडलं. एवढ्याशा नळीत पाणी, त्यात लाल द्रावणाचे थेंब. या पद्धतीत फ्लोराइड जितका जास्त तितका लाल रंग उडतो. ताईंची नळी लालभडक राहिली. कार्डाशी जुळवलं: 0.5 च्या आसपास. उत्तम पाणी.

ताई म्हणाल्या, "रंग तं दरवेळी असाच लाल राह्यते, मॅडम. मग पोराच्या दाताचे डाग काहून वाढून राहिले?"

तिच्या डोक्यात वीज चमकावी तसं झालं. तुरटी म्हणजे अॅल्युमिनियम. प्रक्रियेनंतर थोडा अॅल्युमिनियम पाण्यात उरतो. तो फ्लोराइडला धरून ठेवतो, मग फ्लोराइड रंग उडवायला मोकळाच राहत नाही. पाण्यात तो असतो, पण नळीत दिसत नाही. हे रसायनशास्त्र नवीन नाही. विश्लेषणाच्या कोणत्याही प्रमाण पुस्तकात रंगाच्या पद्धतीपुढे हा इशारा दिलेला असतो. म्हणून तर प्रयोगशाळेत फ्लोराइड इलेक्ट्रोड, म्हणजे पाण्यातला फ्लोराइड मोजायचं उपकरण, वापरताना आधी एक बफर घालतात, जो अॅल्युमिनियमला बाजूला ओढून फ्लोराइडला सोडवतो. ती हे नऊ वर्षं रोज करत होती. ज्या गावांत तुरटीने पाणी साफ होतं नेमक्या त्याच गावांत रंगाचं किट खोटा दिलासा देऊ शकतं, हे तिच्या मनात तोवर कधी आलं नव्हतं, कारण प्रयोगशाळेत ती किट वापरतच नव्हती.

तिने ताईंना एक गोष्ट मात्र तिथल्या तिथे खरी सांगितली. दातांवरचे डाग दात जबड्यात घडत असतानाच्या पाण्याचे असतात. आज दहा वर्षांच्या मुलाच्या पुढच्या दातांवर जे दिसतं ते त्याच्या पहिल्या काही वर्षांतल्या पाण्याची नोंद आहे, संयंत्र बसण्याआधीची. त्यामुळे डागांवरून आजचं पाणी वाईट आहे असं म्हणता येत नाही. आणि किटवरून ते चांगलं आहे असंही म्हणता येत नाही. ताई बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "म्हंजे आपल्याले काहीच मालूम नाही."

नागपूरला परत आल्यावर तिने टिपणी नव्याने लिहिली. दोन पानं. तिच्या मण्यांचा त्यात उल्लेख नव्हता. तीन मागण्या: तक्त्यात 'पर्यायी स्रोत आहे का' हा रकाना घाला, नमुना घेतल्याचा महिना नोंदवा आणि 1.0 च्या वरच्या स्रोतांची मे महिन्यात फेरतपासणी करा. तुरटी किंवा अॅल्युमिना वापरणाऱ्या संयंत्रांचं पाणी किटवर न सोडता इलेक्ट्रोडने तपासा, सोबत अॅल्युमिनियमही मोजा, कारण त्याचीही मर्यादा मानकात आहे, 0.03, आणि पर्याय नसेल तर 0.2. प्रत्येक मागणीसमोर कोणती यंत्रणा, अंदाजे किती नमुने, कोणत्या निधीतून. उपसचिवांनी वाचलं, पेन्सिलीने एक विशेषण खोडलं, 'अत्यंत', आणि म्हणाले, "आता हे घेऊन जा."

डिसेंबर

डिसेंबर 2023 मध्ये अधिवेशन नागपुरात होतं. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांना सांगते: त्या दिवसांत अर्धं मंत्रालय इथे येतं. सिव्हिल लाइन्समध्ये गाड्यांचे ताफे, आमदार निवासाबाहेर कार्यकर्ते, मोर्चे अडवायला कठडे, आणि पहाटेपासून तर्री पोह्याच्या गाड्यांभोवती गर्दी. वर्षभर मुंबईत भेटीची वेळ न मिळणारा माणूस इथे चहाच्या टपरीवर भेटतो. आमच्यासारख्यांसाठी वर्षाचं पीक याच दिवसांत येतं.

त्या भागातल्या एका आमदारांचा फ्लोराइडवरचा तारांकित प्रश्न, म्हणजे ज्याला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात आणि ज्यावर उपप्रश्न विचारता येतो असा प्रश्न, स्वीकारला गेला होता. त्यांच्या स्वीय सहायकांना आम्ही भेटलो. त्यांनी दोन पानं उभ्या-उभ्या वाचली आणि म्हणाले, "मॅडम, मंत्री काय उत्तर देणार ते मला माहीत आहे. सर्व स्रोतांची तपासणी नियमित होते, बाधित स्रोत अमुक. त्याच्यावर साहेबांनी काय विचारायचं ते सांगा. एक वाक्य, जे ऐकून मंत्र्यांना मागे बसलेल्या अधिकाऱ्यांकडे बघावं लागेल."

ती पाच मिनिटं भिंतीला टेकून उभी राहिली. मग लिहिलं: 'हे नमुने कोणत्या महिन्यात घेतले?'

सहायकांनी तो कागद घडी करून खिशात ठेवला. मग विचारलं, दातांचे फोटो आहेत का, सभागृहात दाखवायला. फोटो होते. तिने दिले नाहीत. फोटोंवरून आजच्या पाण्याबद्दल काही सिद्ध होत नाही, आणि उद्या कोणी तसं म्हणून दाखवलं तर महिन्याचा प्रश्नही त्यासोबत जाईल, असं तिने सांगितलं. ते थोडे नाराज झाले. मला त्या क्षणी तिचा फार अभिमान वाटला, कारण फोटो देऊन टाकण्याचा मोह मला झाला होता.

प्रश्न यादीत खाली होता. त्या दिवशी प्रश्नोत्तराचा तास वरच्याच प्रश्नांत संपला आणि आमच्या प्रश्नाचं लेखी उत्तर पटलावर ठेवलं गेलं. तपासणी नियमित होते, बाधित स्रोत अमुक. उपप्रश्न खिशातच राहिला. ती प्रेक्षक गॅलरीत बसली होती. बाहेर येऊन मला म्हणाली, "ताई, प्रयोग फसला की कारण तरी कळायचं." मी काही बोलले नाही. थंडी होती, आम्ही सीताबर्डीपर्यंत चालत गेलो.

पण ती दोन पानं वाया गेली नाहीत. लेखी उत्तर तयार करताना विभागाने जिल्ह्याकडून माहिती मागवली होती, आणि जिल्ह्याच्या पाणीपुरवठा विभागातल्या एका उपअभियंत्यांच्या हाती आमच्या टिपणीची प्रत सहायकांकडून पोहोचली होती. जानेवारीत त्यांचा फोन आला. ते स्वतः रसायनशास्त्राचे पदवीधर निघाले. म्हणाले, मानक बदलणं माझ्या हातात नाही, राज्याचा तक्ता बदलणंही नाही. पण माझ्या तालुक्यातल्या एक्केचाळीस स्रोतांचे नमुने मी मे महिन्यात पुन्हा घेऊ शकतो. इलेक्ट्रोडची सोय तुम्ही करून द्याल का?

तिने जुन्या मार्गदर्शकांना फोन केला. सोडून गेल्यानंतरचा पहिलाच. सर म्हणाले, "बाटल्या प्लास्टिकच्याच आणायच्या, काचेच्या नको. हे मी तुला सांगावं लागतंय?" आणि नमुने मोजून द्यायला एक विद्यार्थिनी दिली.

मे

मे 2024, दुपारी बाराच्या आत काम आटपायचं ठरलं होतं, तरी ऊन असं की हापशाच्या दांड्याला हात लावता येत नव्हता. मी तिच्यासोबत तीन गावं फिरले. ती प्रत्येक बाटलीवर पट्टी चिकटवून लिहित होती: स्रोत, तारीख, वेळ, शेवटचा पाऊस कधी, जवळ दुसरा स्रोत आहे की नाही. उपअभियंत्यांनी तक्त्यात हाताने दोन रकाने आखले होते, महिना आणि पद्धत.

त्या ताईंच्या गावातल्या संयंत्राचं पाणी किटवर 0.6 आलं. त्याच बाटलीतलं पाणी दोन दिवसांनी नागपुरात इलेक्ट्रोडवर 1.3. अॅल्युमिनियम मर्यादेच्या वर. एका गावाचा एक नमुना, त्यावरून ती आता राज्याबद्दल काही म्हणत नाही. एक्केचाळीसपैकी बाकीचे आकडे येतच होते.

तिचं कंत्राट आमच्याकडे वर्षाचं आहे, पुढच्या निधीचं अजून ठरलेलं नाही. आई अजूनही शेजाऱ्यांना 'लॅबमध्ये आहे' असंच सांगते. मणी दरसूचीत नाहीत.

आकडा घेऊन ती स्वतः गावात गेली, फोनवर सांगितलं नाही. ताईंनी कागद हातात घेतला, दोन्ही आकडे बोटाने दाखवून पुन्हा समजून घेतले, आणि विचारलं, "मंग आता हा कागद कोणाले दाखवाचा?"

"पाणी समितीच्या सभेत, पंधरा तारखेला. अभियंतासाहेब येणार आहेत," ती म्हणाली. "तुम्ही दाखवा. मी शेजारी बसते."

ताईंनी किटच्या डब्याचं झाकण उघडलं, कागदाची घडी करून कार्डाच्या खाली ठेवली आणि डबा वर फळीवर, पोरांचा हात पोहोचणार नाही असा सरकवला.